मातकट की मळकट? खोलीतल्या फिक्या गुलाबी भिंतीची समीक्षा



बांधकाम साहित्य या विषयात रंगांचा धडा शेवटी येतो आणि बहुधा घाईत उरकला जातो. रंगाचे घटक, एका लिटरमध्ये किती चौरस फूट, किती हात, कोणते दोष, एवढे लिहिले की गुण मिळतात. तो रंग त्या खोलीत शोभतो का, तिथे राहणाऱ्याला मानवतो का, हा प्रश्न आपण 'ज्याची त्याची आवड' म्हणून सोडून देतो. या टिपणात तो सोडलेला भाग घेऊ. उदाहरण एकच आहे: गेल्या काही वर्षांत झोपायच्या आणि बसायच्या खोल्यांत वारंवार दिसू लागलेला फिका, किंचित करडा गुलाबी रंग.

समीक्षा हा शब्द आपण कविता-कादंबरीसाठी राखून ठेवतो. पण जी वस्तू कोणीतरी निवडून, पैसे मोजून, दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांसमोर दिवसरात्र ठेवली आहे, तिची समीक्षा करता आली पाहिजे. इथे आपण चार पायऱ्यांनी जाऊ: वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि निर्णय.

१. ज्या खोलीवरून हे सुचले

जबलपूर जिल्ह्यात पाटन हे तहसिलीचे गाव आहे. हिवाळ्यात आजूबाजूला मटाराची हिरवी शेते असतात. तिथे आमचे जुने घर आहे. भिंती जाड, मातीत रचलेल्या विटांच्या, वर चुन्याचा गिलावा, जोत्यात ओल अडवणारा थर नाही. वडील गेल्यानंतर आई मागच्या खोलीत एकटी झोपू लागली. ती खोली जरा प्रसन्न व्हावी म्हणून दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी ती रंगवून घेतली. मोबाइलवर एका खोलीचा फोटो पाहिला होता: फिकी गुलाबी भिंत, पांढरी चादर, एका कोपऱ्यात वाळलेले गवत घातलेली बरणी. दुकानातल्या शेड कार्डावर तोच रंग शोधला. भिंतीला पुट्टी, प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात दिले.

दुपारी खोली छान दिसली. रात्री ट्यूबलाइट लावल्यावर आई म्हणाली, "कवळीच्या डबीत झोपल्यासारखं वाटतं रे." आम्ही हसलो. ती हसली नाही. आठ दिवसांत तिने आपली खाट ओसरीवर घेतली. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत फोड आले, लोणा फुटला आणि पोपडे गळू लागले.

साहित्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने केलेली ही निवड होती. त्यामुळे दोष रंगाऱ्यावर किंवा दुकानदारावर टाकण्याची सोय नव्हती. रंग वाईट होता का? की मी तो नीट वाचलाच नव्हता?

२. वर्णन: हा रंग नेमका कोणता

अमेरिकन चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगाचे वर्णन तीन मापांनी करण्याची पद्धत मांडली. पहिले माप रंगाची जात, म्हणजे लाल, पिवळा, निळा इत्यादी. दुसरे उजळपणा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत तो कुठे बसतो. तिसरे तीव्रता, म्हणजे तो करड्यापासून किती दूर आहे. या भाषेत आपला रंग म्हणजे जातीने लाल, उजळपणा भरपूर आणि तीव्रता अगदी कमी. राणी रंगही लाल कुळातलाच असतो, पण त्याची तीव्रता खूप जास्त असते.

मराठीत या कुळाला शब्दांची वाण नाही. गुलबक्षी, डाळिंबी, अबोली, गाजरी, कांद्याच्या सालीसारखा, पेरूच्या गरासारखा. यातला प्रत्येक शब्द एका वस्तूकडे बोट दाखवतो. आपल्या फिक्या गुलाबीसाठी माझ्या मते सर्वांत नेमका शब्द 'मातकट गुलाबी' हा आहे. याच्याच शेजारी 'मळकट' हा शब्द उभा असतो. मातकट म्हणजे मातीची आठवण देणारा. मळकट म्हणजे धुवायला हवा असा. कमी तीव्रतेच्या प्रत्येक रंगाला हा धोका असतो. एकाच डब्यातला रंग एका खोलीत मातकट आणि दुसऱ्या खोलीत मळकट दिसू शकतो. असे का होते, हे आता पाहू.

३. विश्लेषण: तो दिसतो तसा का दिसतो

पहिले कारण प्रकाश. वस्तूचा रंग हा तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो. आपल्याकडे घराघरांत ६५०० केल्विनच्या आसपासचे थंड पांढरे एलईडी दिवे असतात. पांढरा एलईडी साधारणपणे निळ्या प्रकाशाच्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन बनवतात. स्वस्त दिव्यांत गडद लाल प्रकाश कमी असतो. दिव्याच्या खोक्यावर लिहिलेला रंगदर्शन निर्देशांक आठ फिकट नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल हा नववा नमुना त्या सरासरीत धरलेलाच नसतो. म्हणजे निर्देशांक ८० असलेला दिवासुद्धा लाल दाखवण्यात कच्चा असू शकतो. मातकट गुलाबीत लाल मुळातच थोडा असतो. तोही दिव्याने दाखवला नाही तर निळसर, निर्जीव गुलाबी उरतो. आईला कवळी आठवली ती याच उजेडात.

दुसरे कारण परस्पर परावर्तन. शेड कार्डावरचा तुकडा एकटा असतो. खोलीत चार भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात. उदाहरणादाखल समजा की एक भिंत लाल प्रकाशाचा ०.७५, हिरव्याचा ०.५८ आणि निळ्याचा ०.५५ भाग परावर्तित करते. एकदा आदळलेल्या प्रकाशात लाल आणि हिरव्याचे गुणोत्तर सुमारे १.२९ असते. तोच प्रकाश समोरच्या तशाच भिंतीवर आदळून परत आला की लाल ०.५६, हिरवा ०.३४ आणि निळा ०.३० उरतो. गुणोत्तर आता सुमारे १.६७ होते. म्हणजे प्रत्येक फेरीत गुलाबीपणा वाढतो आणि उजेड कमी होतो. लहान खोलीत हा परिणाम अधिक जाणवतो. म्हणून चारही भिंती रंगवायच्या असतील तर कार्डावर आवडलेल्या रंगापेक्षा एक-दोन पायऱ्या फिका रंग घ्यावा.

तिसरे कारण शेजार. पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात रंगाईचे काम पाहणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ साली दाखवून दिले की शेजारचा रंग आपल्या विरोधी रंगाची छटा दुसऱ्यावर टाकतो. हिरव्याशेजारी गुलाबी अधिक गुलाबी दिसतो. आमच्या खोलीत हिरवट करड्या कोटा फरशीची जमीन, हिरवे पोलादी कपाट आणि खिडकीबाहेर मटाराचे शेत होते. फोटोतल्या खोलीत जो रंग शांत बसला होता, तो इथे तीन बाजूंनी हिरव्याने डिवचला गेला.

चौथे कारण डोळा. आईच्या एका डोळ्याचे मोतिबिंदूचे ऑपरेशन झाले होते, दुसऱ्याचे व्हायचे होते. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. ऑपरेशननंतर कृत्रिम भिंगातून निळा पुन्हा आत येतो. मी तिला एकेक डोळा झाकून भिंतीकडे बघायला सांगितले. नव्या डोळ्याने तिला निळसर गुलाबी दिसला, जुन्याने विटकरी. मी ज्या रंगाची निवड केली, तो तिने कधी पाहिलाच नव्हता. तिच्या वाट्याला दोन वेगळे रंग आले होते. घरातल्या वयस्क माणसासाठी रंग निवडताना नमुना त्याच माणसाला, त्याच खोलीत, दिवसा आणि रात्री दाखवणे हा शिष्टाचाराचा भाग आहेच, पण ते तांत्रिकदृष्ट्याही आवश्यक आहे.

पाचवे कारण भिंत. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि सोडतो. जमिनीतून केशाकर्षणाने चढलेले पाणी भिंतीच्या पृष्ठभागातून वाफ होऊन निघून जाते. त्यावर पुट्टी आणि ॲक्रिलिक इमल्शन चढवले की वाफेची वाट अरुंद होते. पाण्याबरोबर आलेले क्षार पापुद्र्याच्या मागे स्फटिकरूप होतात, फुगतात आणि रंगाला ढकलून देतात. हा दोष गुलाबी रंगाचा नाही, कोणत्याही इमल्शनला तो लागू आहे. पण 'कोणतीही जुनी भिंत नवी करून टाका' असे सांगत जो रंग विकला जातो, त्याच्या समीक्षेत भिंत वगळता येत नाही.

४. अर्थ: या रंगाकडून काय काय म्हणवून घेतले जाते

पहिला दावा असा की गुलाबी भिंत मन शांत करते. याचा उगम १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सापडतो. अलेक्झांडर शॉस यांनी एका विशिष्ट गुलाबी रंगाने आक्रमकता कमी होते असे मांडले. १९७९ साली सिॲटलच्या नौदल सुधारगृहातल्या कोठडीत तो लावला गेला. तिथल्या बेकर आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांवरून त्याला 'बेकर-मिलर गुलाबी' हे नाव पडले. पुढे स्वित्झर्लंडमध्येही काही कोठड्या गुलाबी झाल्या. मात्र तिथल्याच तुरुंगात ५९ पुरुष कैद्यांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुलाबी आणि पांढऱ्या कोठडीतल्या आक्रमकतेत फरक आढळला नाही. शिवाय बेकर-मिलर गुलाबी हा चांगला भडक रंग आहे. त्याच्या नावावरचा दावा उचलून फिक्या करड्या गुलाबीला चिकटवणे म्हणजे एका औषधाची चिठ्ठी दुसऱ्या बाटलीवर लावणे. ते औषध गुणकारी होते की नाही, हाच मुळात प्रश्न आहे.

दुसरा दावा असा की हा रंग 'न्यूट्रल' आहे, कशाबरोबरही जातो. फोटो नीट पाहा. त्या खोलीत कपाट नाही, कॅलेंडर नाही, मच्छरदाणी नाही, देव्हारा नाही, गाद्यांची चवड नाही. जिथे काहीच नाही तिथे काहीही शोभते. तीव्रता कमी असलेला रंग इतर रंगांशी भांडत नाही हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की इतर रंग त्याच्याशी भांडतात आणि तो हरतो. निळी मच्छरदाणी आणि हिरवे कपाट यांच्यामध्ये तो मळकट दिसू लागतो. या रंगाबरोबर रिकामी खोलीही विकली जात असते. ती मात्र डब्यात मिळत नाही.

तिसरा अर्थ मुलींचा रंग, कोमल रंग. गुलाबी मुलींचा आणि निळा मुलग्यांचा ही वाटणी पुरातन नाही. ती विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकी बाजारपेठेत, घट्ट झाली. आपल्याकडे पुरुषांच्या लग्नातल्या फेट्यालाही गुलाबी चालत आला आहे. या संदर्भात महाराष्ट्रातले एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातले भिंतघर हे 'गुलाबी गाव' म्हणून ओळखले जाते. तिथे घरांच्या भिंती गुलाबी रंगवल्या आहेत आणि त्यामागे स्त्री-पुरुष समानतेचा विचार सांगितला जातो. हा गुलाबी मातकट नाही, लांबून ओळखू यावा असा आहे. शेड कार्डाच्या नजरेने पाहिले तर कोणी त्याला भडक म्हणेल. पण तो गावाच्या दर्शनी भिंतीवर आहे, आणि त्याला कारण आहे. नाजूकपणाचा शिक्का असलेला रंग चव्हाट्यावर आणून त्याचा अर्थ बदलायचा हा प्रयत्न आहे. रंगाने समानता येत नाही, हे खरे. तरी रंगामागे उच्चारलेला विचार असला की त्याच्याशी वाद घालता येतो. माझ्या आईच्या खोलीतल्या गुलाबीमागे फक्त एक फोटो होता.

जयपूरचेही आठवते. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी महाराजा रामसिंह यांनी शहर गुलाबी रंगवून घेतले असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो रंग गेरूच्या कुळातला, भाजक्या मातीकडे झुकणारा आहे. ब्रिटनमध्ये एका नामवंत रंग कंपनीच्या लोकप्रिय फिक्या गुलाबीचे नावच 'सेटिंग प्लास्टर' आहे, कारण तिथला ओला गिलावा सुकताना तसा दिसतो. म्हणजे तो रंग तिथल्या भिंतीच्याच अंगचा आहे. मातकट गुलाबी जिथे जिथे चांगला दिसतो, तिथे त्याला एक माती असते. शेड कार्ड ती माती पुसून टाकते आणि क्रमांक देते.

५. आपली माती

ही माती पाटनपासून दूर नाही. कटनीचा चुना प्रसिद्ध आहे. गेरू आणि पिवळी रामरज माती मध्य प्रदेशाच्या या भागात निघते. गावातल्या मातीच्या घरांना पांढऱ्या छुई मातीने पोतारण्याची आणि गेरूचा काठ काढण्याची रीत अजून दिसते. गेरूचा लालपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो. हा ऑक्साइड उन्हात विटत नाही आणि चुन्याच्या क्षारतेत टिकतो. मराठीतला 'हिरमजी' हा लाल रंगाचा जुना शब्दही होर्मुझच्या लाल मातीवरून आलेला आहे. म्हणजे लाल मातीचा व्यापार समुद्रापलीकडून चालत होता आणि भाषेने त्याची नोंद ठेवली.

मागच्या हिवाळ्यात मी आईच्या खोलीची पुट्टी खरवडून काढली. चुन्याचा गिलावा उघडा करून सुकू दिला. मग भिजवून गाळलेल्या चुन्याचे पाच-पाच किलोचे तीन वाटे केले. त्यांत अनुक्रमे ५०, १०० आणि २०० ग्रॅम वस्त्रगाळ गेरू घातला आणि बांधणीसाठी थोडा डिंक. भिंतीवर एक-एक फुटाचे चौकोन काढले. ओले असताना तिन्ही चौकोन गडद आणि जवळजवळ सारखेच दिसत होते. सुकल्यावर ते वेगळे झाले. याचे कारण तुम्ही भौतिकशास्त्रात शिकला आहात: पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि चुन्याच्या कणांचा सुमारे १.६. पाणी जाऊन त्याजागी हवा आली की दोन्हींतला फरक वाढतो, प्रकाश जास्त विखुरतो आणि थर पांढरट होतो. म्हणून चुन्याच्या रंगाचा निर्णय ओल्या भिंतीवर कधीही घेऊ नये.

आईने दोन दिवस, दोन रात्री आणि दोन्ही डोळ्यांनी पाहिले. मधला चौकोन निवडला. "यात पिवडी टाक चिमूटभर," म्हणाली. टाकली. निळसरपणा गेला. दिवाही ३००० केल्विनचा, उबदार उजेडाचा लावला. दरवाजाची चौकट आणि बटणांची पट्टी गडद केली, म्हणजे रात्री उठल्यावर चाचपडावे लागू नये. होळीच्या आधी खाट ओसरीवरून आत आली.

याचा अर्थ जुने ते सोने असा काढू नका. चुन्याचा हात एकसारखा बसत नाही, ठिकठिकाणी ढगाळ दिसतो. भिंतीला टेकले की पाठीला गुलाबी भुकटी लागते. आईच्या पांढऱ्या शालीवर ती लागली आणि मला ऐकून घ्यावे लागले. पुसून डाग निघत नाही, वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. स्वयंपाकघरात किंवा लहान मुलांच्या खोलीत मी हा चुना सुचवणार नाही. सिमेंटच्या कोरड्या, नव्या भिंतीवर चांगले इमल्शन हाच व्यवहार्य मार्ग आहे. तिथेही गिलावा पुरेसा पिकू आणि सुकू द्यावा, आणि लाल लोह ऑक्साइडवर आधारलेली छटा मागावी.

६. निर्णय

या रंगावर माझा आक्षेप सौंदर्याचा नाही. मातकट गुलाबी हा सुंदर रंग आहे. सकाळच्या उन्हात तो माणसाच्या कातडीला उजळपणा देतो, संध्याकाळी दिव्याला ऊब देतो. पांढऱ्याचा डोळ्यांवर येणारा झगझगीतपणा त्याच्यात नसतो. आक्षेप आहे तो त्याच्या नावाने दिल्या जाणाऱ्या तीन आश्वासनांवर: तो सर्वांना शांत करील, सगळ्याशी जुळेल, सगळे झाकील. पहिल्याला पुरावा अपुरा आहे. दुसरे फक्त रिकाम्या खोलीत खरे ठरते. तिसरे तर ओलीच्या भिंतीवर एका पावसाळ्यात उघडे पडते.

हा रंग नाजूक आहे आणि नाजूक गोष्टीला जागा पाहून ठेवावे लागते. प्रकाश, शेजार, भिंत आणि पाहणारा डोळा या चौघांची संमती असेल तर तो मातकट राहतो. एकाचाही विचार सुटला तर मळकट होतो. मी चारही विसरलो होतो आणि त्याची किंमत आईने थंडीत ओसरीवर झोपून दिली. तुमच्यापैकी अनेकजण उद्या इतरांची घरे बांधाल, वसतिगृहे, दवाखाने, वृद्धाश्रम रंगवून घ्याल. शेड कार्डावर बोट तुमचे असेल आणि भिंतीकडे बघत पडून राहणारा माणूस दुसराच असेल. ते बोट ठेवण्याआधी त्याला विचारा.

स्वाध्याय

१. तुमच्या वसतिगृहातल्या किंवा घरातल्या एका खोलीच्या भिंतीचे मन्सेलच्या तीन मापांत शब्दांत वर्णन करा. मग त्याच रंगासाठी तुमच्या बोलीतला शब्द शोधा.

२. कलम ३ मधले परस्पर परावर्तनाचे उदाहरण तिसऱ्या फेरीपर्यंत सोडवा. कोणत्या फेरीनंतर उरलेला प्रकाश दुर्लक्ष करण्याइतका कमी होतो, ते सांगा.

३. एकाच फिक्या गुलाबी कागदाचे दोन तुकडे घ्या. एक हिरव्या आणि एक करड्या पृष्ठभागावर ठेवून पाच जणांना विचारा. उत्तरांतला फरक शेव्रलच्या निरीक्षणाने स्पष्ट करा.

४. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला तिच्या खोलीचा रंग कोणता दिसतो, ते दिवसा आणि रात्री विचारून लिहून काढा. तुमच्या उत्तराशी ते जुळते का?